पाटा वाढवायचा का?

शिरूरच्या बाजार समितीत कांद्याच्या पिकअपची रांग लागते, तेव्हा त्या गाड्या मागून बघाव्यात. पुढून सगळ्या सारख्याच असतात. काचेवर देवाचं नाव, त्याखाली पोरांची नावं, बंपरला लिंबू-मिरची. मागच्या चाकापाशी वाकलं की मात्र प्रत्येक गाडीची कुंडली दिसते. तिथं एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या असतात. आपल्याकडं त्यांना पाटे म्हणतात, काहीजण कमानपाटे म्हणतात. गाडी रिकामी असेल तर पाट्यांची दोन्ही टोकं वर आणि पोट खाली असतं, हसल्यासारखं. माल भरला की ते हसू सपाट होतं. मापाबाहेर भरला की उलटं वळतं.

आणखी एक गोष्ट दिसते. बऱ्याच गाड्यांच्या पाट्यांत एखादा पाटा बाकीच्यांपेक्षा जाड आणि वेगळ्या रंगाचा असतो. तो गाडीबरोबर आलेला नसतो. नंतर गॅरेजात टाकलेला असतो. याला म्हणायचं ‘पाटा वाढवणं’.

गेल्या वर्षी आमच्या घरात या एका पाट्यावरून दोन महिने वाद चालला. गाडी चालवतो दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ. हप्ता जातो माझ्या पगारातून, कारण मी रांजणगाव एमआयडीसीत शिफ्टला आहे आणि बँकेला पगाराची स्लिप लागते. त्यामुळं गाडीबद्दल बोलायचा हक्क दोघांनाही होता आणि दोघांनाही तो पुरेपूर वापरायचा होता.

दादाचं म्हणणं सोपं होतं. गाडी मागून बसलीय. भरल्यावर मागचं टोक खाली आणि तोंड वर होतं. ओढ्यातून वर चढताना मागचा भाग घासतो. शिवाय रील्समध्ये त्यानं उंच केलेले पिकअप बघितले होते. थायलंडचे, ऑस्ट्रेलियाचे, केरळचे. खालून एक माणूस सरपटत जाईल एवढे उंच. ‘तीन इंच उचलू. दिसायलाबी भारी आन् कामालाबी भारी.’

मी म्हटलं, आधी नीट माहिती काढू.

*

परदेशात याला लिफ्ट किट म्हणतात. तयार संच मिळतो. नवे पाटे किंवा स्प्रिंग, लांब शॉकअप, नवे यू बोल्ट, नवे बुश. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात हा मोठा धंदा आहे. तिथं लोक गाडी उचलतात ती दोन कारणांसाठी. मोठे टायर बसावेत म्हणून, आणि दगडधोंड्यांच्या वाटेवर गाडीचं पोट घासू नये म्हणून. या शौकासाठी जगात सगळ्यात जास्त ओळखली जाणारी गाडी म्हणजे जीप रँग्लर. गंमत अशी, की भारतात विकली जाणारी रँग्लर २०२१ पासून आपल्या शिरूर तालुक्यातच, रांजणगावच्या कारखान्यात जोडली जाते. आमच्या बसच्या खिडकीतून ती कधीमधी दिसते. ती ज्यांच्या दारात जाते त्यांना कांदा भरायचा नसतो.

माहिती काढताना मला एक गोष्ट फार उपयोगाची वाटली. ऑस्ट्रेलियात पिकअपच्या मागच्या पाट्यांचा संच घ्यायला गेलं, की ‘किती इंच उचलायचंय’ याआधी ‘मागं कायम किती वजन असतं’ हे विचारतात. रिकामी फिरणाऱ्या गाडीचे पाटे वेगळे, हौद्यात कायम दोन-तीनशे किलोचं सामान असणाऱ्या गाडीचे वेगळे, त्याहून जास्त असेल तर आणखी वेगळे. म्हणजे निवड किलोवर होते. उंची हा त्या निवडीचा परिणाम असतो.

आमच्या गाडीला हा प्रश्न विचारला तर उत्तर काय? चाकणला जाताना हौद्यात दीड-दोन टन कांदा. येताना शून्य. घाटात शर्यत असली की चुलत्यांची बैलजोडी. एखाद्या दिवशी पेंडीची पोती. लग्नसराईत मांडवाचं सामान. एकाच गाडीला पाच कामं, आणि पाट्यांचा संच एकच.

*

पाटा काम कसं करतो, हे कळलं की निम्मा वाद मिटतो. निदान माझ्या डोक्यातला तरी मिटला.

पाटा म्हणजे वाकणारी पट्टी. चाक खड्ड्यात गेलं किंवा दगडावर चढलं, की पाटा वाकतो आणि तो धक्का स्वतःत घेतो. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणात धक्क्याचा काही भाग जिरतो. उरलेलं हेलकावणं शॉकअप थांबवतो. पाटा किती कडक आहे हे तीन गोष्टींवर ठरतं: पाटे किती, किती लांब आणि किती जाड. त्यात जाडीचा हिशेब सगळ्यात फसवा आहे. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनात वाढतो. जाडी दुप्पट केली तर कडकपणा आठपट होतो. समजा ८ मिलिमीटरचे सहा पाटे आहेत. त्यात तसाच सातवा टाकला तर कडकपणा साधारण सतरा टक्क्यांनी वाढेल. पण सातवा १० मिलिमीटरचा टाकला, तर तो एकटाच जवळजवळ दोन पाट्यांचं काम करतो आणि एकूण कडकपणा तेहेतीस टक्क्यांच्या आसपास वाढतो. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसतसुद्धा नाही. मणक्याला कळतो.

गाडी उंच करायचे गॅरेजात मुख्यतः तीन उपाय असतात.

पहिला, पाटा वाढवणं. उंची मिळते, पण कडकपणा वाढतो.

दुसरा, एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडाचा ठोकळा घालणं. यानं कडकपणा तोच राहतो, उंची नुसती वाढते. पण ब्रेक मारताना आणि गाडी उचलताना एक्सलला जो पीळ बसतो, त्याला आता लांब दांडा मिळतो. यू बोल्टही जास्त लांब लागतात, आणि लांब बोल्ट लवकर सैल पडतात. सगळा भार त्या चार नटांवर.

तिसरा, पाट्याच्या मागच्या टोकाला असलेली शॅकल लांब बसवणं. शॅकल तीन इंचांनी वाढवली तर गाडी साधारण दीड इंच उचलली जाते, कारण पाट्याचं एकच टोक सरकतं आणि एक्सल मध्यावर असतो. पण त्यानं एक्सल थोडा फिरतो आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. मग जोडाच्या क्रॉसमधून आवाज यायला लागतो.

चौथा उपाय कुणी सुचवत नाही, कारण तो स्वस्त दिसत नाही आणि गाडी त्यात भारी दिसत नाही. पाटे बसले असतील तर कंपनीच्या मापाचे नवे पाटे टाकायचे.

*

आमचं गॅरेज न्हावरे रस्त्याला आहे. मिस्तरी वयस्कर आहेत, कमी बोलतात. त्यांनी गाडीखाली जाऊन टॉर्च मारला, एका पाट्यावर बोट ठेवलं आणि मला वाकायला सांगितलं. एका पाट्याला मधल्या बोल्टजवळ केसाएवढी चीर होती. शिवाय एक्सलच्या वर चेसिसला रबराचा ठोकळा असतो, पाटे पूर्ण दबले तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून. तो आमच्या गाडीत चेपून भाकरीसारखा झाला होता.

‘पावणं, ही गाडी पाट्यावर नाय चालत,’ मिस्तरी म्हणाले. ‘रबरावर चालतीय.’

मग त्यांनी मला एक सळई दाखवली. एक्सलपासून वर चेसिसवरच्या एका लहान व्हॉल्व्हपर्यंत जाणारी. ते तिला ‘लोडची सळई’ म्हणतात. बऱ्याच पिकअपना ही असते, पण उंची वाढवायची चर्चा चालते तेव्हा तिचं नाव निघत नाही. तिचं काम असं. गाडीत माल भरला की हौदा खाली बसतो, एक्सल आणि चेसिसमधलं अंतर कमी होतं, सळई सरकते आणि व्हॉल्व्हला कळतं की मागं वजन आहे. मग तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की अंतर जास्त असतं. अशा वेळी मागच्या ब्रेकला पूर्ण दाब दिला तर हलकी चाकं जाम होऊन गाडी आडवी होईल, म्हणून व्हॉल्व्ह दाब कमी ठेवतो.

आता पाटा वाढवून गाडी तीन इंच उचलली आणि सळईचं माप तेच राहिलं, तर काय होईल? हौद्यात दोन टन कांदा आहे, पण अंतर रिकाम्या गाडीएवढं आहे. व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक निम्म्या जोरानं लागतात आणि सगळं ओझं पुढच्या चाकांवर येतं. ड्रायव्हरला एवढंच जाणवतं, की ‘गाडी थांबायला जरा वेळ घेतीय.’

‘मग लोक काय करतात?’ मी विचारलं.

‘काय नाय करत. माझ्याकडं आले तर मी माप बसवून देतो. सगळे माझ्याकडं थोडीच येत्यात.’

*

मी हे सगळं रात्री जेवताना घरी सांगितलं. दादानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘तुझं वाचून झालं असंल तर माझं ऐक. तू कंपनीच्या बसमधी जातो. गाडी मी चालवतो. चौतीस पिशव्या घेऊन चाकणला गेलो तर डिझेल, टोल, हमाली जाऊन काय ऱ्हातं, सांग बरं?’

हा प्रश्न खरा होता. आमच्या गाडीचं पासिंग १७०० किलो. पन्नास किलोच्या पिशव्या धरल्या तर चौतीस. रांगेतल्या बाकीच्या गाड्या भरतात अठ्ठेचाळीस, पन्नास. भाडं पिशवीवर मिळतं, खेपेवर नाही. पिशवीला पन्नास रुपये धरले तर चौदा पिशव्यांचे सातशे रुपये दर खेपेला हातातून जातात. डिझेल जवळपास तेवढंच लागतं. शेतकऱ्यालाही सगळा माल एका खेपेत न्यायचा असतो, कारण उद्या भाव काय असेल ते कुणालाच माहीत नसतं. दादानं ‘चौतीसच घेणार’ म्हटलं, तर शेतकरी पुढच्या गाडीवाल्याला फोन करतो.

म्हणजे पाटा वाढवायचा खरा अर्थ हा होता. उंची हे निमित्त. जाड पाटा टाकला की अठ्ठेचाळीस पिशव्या भरूनही पाटे उलटे वळत नाहीत, गाडी मागून दबलेली दिसत नाही, आणि रस्त्यात हात करणाऱ्याला लांबून काही कळत नाही. पाटा ओझं लपवतो.

पण पाटा वाढवल्यानं फक्त पाटाच मजबूत होतो. एक्सल तोच राहतो. बेअरिंग तीच, ब्रेक तेच, टायर तेच, चेसिसही तीच. १७०० किलो हा आकडा कंपनीनं या सगळ्यांचा मिळून काढलेला असतो. साखळीतली एक कडी जाड केली म्हणून साखळी जास्त वजन उचलत नाही. पूर्वी पाटा आधी हार मानायचा आणि बसून सांगायचा, की बास. आता तो सांगणार नाही. आता सांगेल ते बेअरिंग किंवा टायर, आणि ते आधी सूचना देत नाहीत.

कायद्याचं बोलायचं तर मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठा बदल झाला. जादा माल भरल्यास २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागं २,००० रुपये. परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही सांगितलं होतं, की कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. ऑस्ट्रेलियात पाट्यांचा संच बदलून, रीतसर तपासणी करून गाडीची भारक्षमता कागदोपत्री वाढवून घेता येते. आपल्याकडं गॅरेजात टाकलेल्या पाट्यानं आरसीवरचा आकडा बदलत नाही. अपघात झाला की विमा कंपनी तोच आकडा बघते.

दादा म्हणाला, ‘कायदा सगळ्यांनाच ठावं हाय.’ आणि ताट उचलून मोरीत गेला.

*

वाद अडला होता तेव्हा त्यात चुलते आले, आणि त्यांच्यामागं बैल.

आमच्या भागात पिकअपचं एक काम बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसतं. बैल शर्यतीला नेणं. २०१४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला पुन्हा परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नरच्या घाटांत यात्रेच्या दिवसांत बैलांनी भरलेले पिकअप दिसतात. पळणारा बैल चालत नेत नाहीत. त्याचे पाय घाटासाठी राखून ठेवायचे असतात.

जातिवंत खिल्लार बैल साधारण चारशे ते पाचशे किलोचा. जोडी म्हणजे टनाच्या आतबाहेर. म्हणजे गाडी पासिंगच्या आतच असते. पण कांद्याची पिशवी आणि बैल यांत फरक आहे. पिशवी जिथं ठेवली तिथं राहते. बैल उभा असतो, त्याचं वजन उंचावर असतं, आणि वळणावर तो स्वतः सावरायला सरकतो. गाडी उलटायला किती सोपी आहे याचा साधा हिशेब आहे: दोन चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला वजनाच्या मध्याच्या उंचीनं भागायचं. समजा चाकांमधलं अंतर १४०० मिलिमीटर आहे आणि वजनाचा मध्य जमिनीपासून १००० वर. उत्तर ०.७. गाडी तीन इंच, म्हणजे ७५ मिलिमीटर उचलली की ०.६५. वळणावरची सुरक्षितता सात टक्क्यांनी गेली, आणि हा हिशेब बैल हललाच नाही असं धरून आहे.

चुलत्यांना हा हिशेब सांगायची गरज पडली नाही. ते म्हणाले, ‘जाड पाट्याच्या गाडीत मी बैल घालणार नाय. गेल्या साली एकाच्या गाडीतनं नेले होते. घाटात उतरवले तर बैलांचे पाय थरथरत होते. दीड तास नुसता दणका. पिशवी बोलत नाय, बैल दाखवतो.’

मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं, की आपण इंचांबद्दल भांडतच नव्हतो. रस्त्यातला खड्डा तेवढाच राहणार. त्याचा धक्का कुठं तरी जाणारच. मऊ पाटा असेल तर तो पाटा घेतो. कडक असेल तर पुढं ढकलतो. मग तो कांद्याला लागतो, बैलाच्या गुडघ्याला लागतो, चेसिसच्या वेल्डिंगला लागतो, ड्रायव्हरच्या कमरेला लागतो. पाटा निवडायचा म्हणजे धक्का कुणी खायचा, ते ठरवायचं.

आणि उंचीचंही तसंच. हौदा तीन इंच वर गेला की पिशवी टाकणाऱ्या हमालाला प्रत्येक पिशवी तीन इंच जास्त उचलावी लागते, तीही छातीच्या वर, जिथं हाताचा जोर संपलेला असतो. आईला केबिनमध्ये चढताना आधीच दाराला धरून दोनदा दम घ्यावा लागतो. आमच्या चर्चेत या दोघांना कुणी विचारलं नव्हतं.

*

दादाचं मत माझ्या आकड्यांनी बदललं नाही. ते बदललं एका रिकाम्या खेपेनं.

त्याच्या एका दोस्तानं पाटे वाढवून घेतले होते, मागं दोन जाड पाटे. दादानं एक दिवसासाठी गाड्या बदलून घेतल्या आणि मला म्हणाला, ‘चल, दाखवतो तुला.’ शिरूरहून न्हावरे, पुढं भीमा ओलांडून पारगाव, आणि दौंड तालुक्यात चौफुल्यापर्यंत. जाताना हौद्यात पेंडीची पोती होती, पासिंगएवढी. गाडी खरंच छान चालली. झुकत नव्हती, हेलकावत नव्हती. दादा माझ्याकडं बघून हसत होता.

चौफुल्याला पोती उतरवली आणि परत निघालो.

रिकामी झाल्यावर ती गाडी दुसरीच झाली. मागं वजनच नाही, मग एवढे कडक पाटे वाकणार कसे? ते वाकलेच नाहीत. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याला पडलेल्या लाटा एकेक करून सीटमधून वर आल्या. यामागचं कारण सोपं आहे. पाटा जेवढा कडक आणि त्यावरचं वजन जेवढं कमी, तेवढी गाडीची थरथर जलद होते. माणसाच्या शरीराला उभ्या दिशेनं सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी थरथर सगळ्यात जास्त जाणवते, पोट आणि पाठीचा कणा त्याच वेगाला साथ देतात. चांगल्या सस्पेन्शनचं कामच गाडीला त्या पट्ट्यापासून लांब ठेवणं हे असतं. भरलेली गाडी लांब राहते. कडक पाट्यांची रिकामी गाडी त्या पट्ट्याकडं सरकते.

पारगावचा पूल ओलांडल्यावर दादानं गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याला पाठीचा त्रास आहे, आणि तो कुणाला सांगत नाही. आई रात्री गरम पाण्याची पिशवी त्याच्या अंथरुणात न बोलता ठेवते.

‘येताना कायम रिकामीच येतो मी,’ तो म्हणाला. एवढंच. पण गणित पूर्ण होतं. आमच्या गाडीचे निम्मे किलोमीटर रिकामे असतात. वाढवलेला पाटा जाताना सातशे रुपये मिळवून देणार आणि येताना ते त्याच्या कण्यातून वळते करून घेणार.

*

आम्ही शेवटी काय केलं ते सांगतो, म्हणजे कुणाला उपयोग झाला तर होईल. दोन्ही बाजूंचे पाटे बदलले, कंपनीच्या मापाचे आणि तेवढेच. एका बाजूचे बदलले तर गाडी एका अंगाला झुकते, म्हणून दोन्ही. जुने यू बोल्ट परत वापरले नाहीत, कारण एकदा ताणून आवळलेला यू बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. बुश नवे, मागचे दोन्ही शॉकअप नवे, रबराचा ठोकळा नवा. मिस्तरींनी लोडच्या सळईचं माप तपासलं. आणि जो पैसा उंचीवर जाणार होता त्यातून ड्रायव्हरच्या सीटचा बसलेला फोम बदलून घेतला. गाडी मागून जवळपास दोन इंच वर आली. नवी असताना होती तिथंच.

भरल्यावर तोंड वर जाणंही कमी झालं. हे बारीक वाटेल, पण रात्री नगर रस्त्याला ज्यानं गाडी चालवलीय त्याला समजेल. मागून दबलेल्या पिकअपचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि स्वतःच्या पुढचा रस्ता मात्र अंधारात राहतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात पोरं हौसेनं गाडीचं तोंड वर आणि मागचा भाग खाली करून फिरायची. तिथं १ डिसेंबर २०२१ पासून त्यावर कायद्यानं बंदी आली. ते शौक म्हणून करतात ते आपल्याकडं ओझ्यानं होतं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. दादा आता अडतीसच्या वर पिशव्या घेत नाही. मी चौतीस म्हणतो, तो अडतीस म्हणतो, आणि त्या चार पिशव्यांवर आमचं अजून भांडण होतं. दोन नेहमीचे शेतकरी दुसऱ्या गाडीकडं गेले. ज्याच्याकडं गेले त्याच्या गाडीला तीन जाड पाटे आहेत. त्याचा धंदा जोरात चाललाय, आणि तो वाईट माणूस नाही. त्याच्यावरही हप्ता आहे. पिशवीवर भाडं आहे तोवर कमी भरणाऱ्याचं नुकसान होणार आणि जास्त भरणारा रांगेत पुढं राहणार. हे एका गॅरेजात सुटत नाही. आमच्या घरात ते असं सुटलंय, की हप्त्यातला जो वाटा दादा भाड्यातून द्यायचा, त्यातले हजार-दीड हजार आता माझ्या ओव्हरटाइममधून जातात. धक्का कुठं तरी जाणारच होता.

पाटे टाकल्यावर मिस्तरींनी एक गोष्ट बजावली होती. पाचशे किलोमीटर झाले की यू बोल्टचे नट परत आवळायचे. नवे पाटे एकमेकांवर बसतात, जागा होते, नट सैल पडतात. हे बहुतेक लोक विसरतात आणि मग मधला बोल्ट तुटून एक्सल जागेवरून सरकतो. आमचे पाचशे किलोमीटर चार खेपांत झाले. रविवारी मला सुट्टी होती. दादा पाना घेऊन गाडीखाली गेला, मी बाहेरून टॉर्च धरला. आठ नटांपैकी तीन पाव-पाव फेरा फिरले.

‘बरं झालं बघितलं,’ तो खालून म्हणाला. ‘पुढच्या पाचशेला परत बघू.’